विचारा की! : डोंगरावरचे पंखे

मागच्या अंकात सोलर पंपाबद्दल लिहिताना मी सहज म्हणून गेलो की नोकरीची पहिली चार वर्षं मी सातारा भागात पवनचक्क्यांच्या साईटवर सर्व्हिसला काढलीत. बस्स, तेवढं पुरलं. या महिन्यात आलेल्या प्रश्नांत निम्म्याहून जास्त पवनचक्कीचेच आहेत. मग ठरवलं की इन्व्हर्टरची बॅटरी, फ्रीजचा स्टॅबिलायझर वगैरे मंडळींनी महिनाभर थांबावं, आज फक्त वारा.

प्रश्न : पावसाळ्यात ठोसेघरचा धबधबा बघून पुढे चाळकेवाडीच्या पठारावर गेलो होतो. एवढे अवाढव्य पंखे, पण फिरतात किती हळू! मी घड्याळ लावून मोजलं, मिनिटाला १६ फेऱ्या. आमच्या हॉलमधला पंखा याच्या वीसपट तरी जोरात फिरत असेल. इतक्या हळू फिरून वीज कशी होते? आमचे भावजी म्हणतात की आधी मोटर लावून फिरवावं लागतं, खरं का? (एक वाचक, चिंचवड)

आधी तुमचं कौतुक, तुम्ही उभं राहून फेऱ्या मोजल्यात, बाकी लोक सेल्फी काढून निघतात. १६ हा आकडा पटतो, म्हणजे तुम्ही मोठ्यातलं मशीन मोजलंय, जुनी छोटी जास्त भरभर फिरतात. पण 'हळू' म्हणालात ना, तिथे डोळ्यांनी फसवलंय. आपण हिशोबाला २.१ मेगावॅटचं, ८८ मीटर व्यासाचं मशीन धरू, आपल्याकडे या साईजची भरपूर लागलीत. एका फेरीत पात्याचं टोक पावणेतीनशे मीटरचा फेरा मारतं, तसे १६ फेरे मिनिटाला, म्हणजे झाले ४.४ किलोमीटर, आणि तासाला २६५ किलोमीटर! वंदे भारत एवढी पळत नाही. लांबून बघताय आणि आकार मोठा आहे म्हणून संथ वाटतं, विमान आकाशात रेंगाळल्यासारखं दिसतं तसंच.

आता यातली खरी गंमत. त्या दिवशी वारा समजा सेकंदाला ८ मीटर होता, म्हणजे ताशी साधारण २९ किलोमीटर. मग २९ ने वाहणारा वारा पात्याचं टोक २६५ ने कसं पळवतो? वारा पात्याला मागून ढकलतो आणि ते फिरतं, जत्रेतल्या भिंगरीसारखं, असं आपल्याला वाटतं. पण नुसतं ढकलून तुम्ही कुठल्याच वस्तूला स्वतःच्या वेगापेक्षा जास्त वेग देऊ शकत नाही, हातगाडी ढकलणारा माणूस जेवढा पळेल तेवढीच गाडी पळणार. म्हणजे इथे ढकलणं सोडून काहीतरी वेगळं चाललंय.

लहानपणी एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढायचो (कंडक्टर ओरडेपर्यंत), आठवतं? तळवा आडवा धरून जरा पुढून वर केला की हात आपोआप वर उचलला जायचा. वारा येतोय समोरून, हात जातोय वर, म्हणजे जोर लागतोय वाऱ्याच्या आडव्या दिशेला. पवनचक्कीचं पातं हेच करतं. ते कापून बघितलं तर आतला आकार विमानाच्या पंखासारखा दिसतो, एक बाजू फुगीर, एक चपटी, कडेला निमुळता. वारा त्यावरून वळून जाताना पात्याला बाजूला ओढतो, आणि पातं मधे हबला, म्हणजे मधल्या गोल डोक्याला, बांधलेलं असल्यामुळे ते बाजूला जाता जाता गोल फिरतं. शिडाचं गलबत वारा आडवा असताना चांगलं पळतं हे कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको, तोच प्रकार. आणि एकदा पातं पळायला लागलं की त्याला स्वतःच्या पळण्याचाही वारा लागतो, मग ओढ आणखी वाढते, असं करत करत टोक वाऱ्याच्या आठ-नऊपट वेगाला पोचतं.

पण टोकाचा वेग कितीही असो, मधला दांडा फिरतो मिनिटाला १६ वेळाच आणि त्याने काम भागत नाही. म्हणून वर जो डबा दिसतो, त्याला नॅसेल म्हणतात, त्यात गिअरबॉक्स असतो. तो १६ चे १५०० करतो, साधारण ९४ पट. सायकलला पुढे मोठं चक्र आणि मागे छोटं असतं ना, तसंच, फक्त कित्येक टन वजनाचं आणि तेलात बुडलेलं. पुढे जनरेटर.

जनरेटर म्हणजे काय हे शेतकरी वाचकांना मी एका वाक्यात सांगतो, शहरातल्यांना जरा वेळ लागेल. विहिरीवरच्या थ्री फेज मोटरची प्लेट वाचा, त्यावर १४४० किंवा २८८० आरपीएम लिहिलेलं असतं. १४४० वाल्या मोटरच्या आत चुंबकीय क्षेत्र १५०० ने फिरत असतं (आपली वीज ५० हर्ट्झची म्हणून १५००) आणि रोटर, म्हणजे मोटरचा आतला फिरणारा भाग, त्याच्या मागे मागे धावत १४४० वर राहतो, तो जरा मागे राहतो म्हणूनच वीज खातो आणि पाणी उपसतो. आता कोणी बाहेरून जोर लावून त्याच मोटरला १५०० च्या वर, समजा १५१० ला नेलं, तर तीच मोटर वीज खायची थांबते आणि उलट लाइनमध्ये वीज ढकलायला लागते. बास, जुन्या पवनचक्कीचा जनरेटर म्हणजे हेच. फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलं होतं की तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलवलं की तारेत वीज येते, त्याच्यावरच हे सगळं चाललंय. नवीन मशीनमध्ये इलेक्ट्रॉनिक्स बसवून वेग थोडा कमीजास्त होऊ देतात, आणि काही मशीनमध्ये गिअरबॉक्सच नसतो, त्यांचा जनरेटर भल्या मोठ्या चाकाएवढा असतो. ती लांबून ओळखू येतात, वरचा डबा अंड्यासारखा गोल असतो.

जनरेटरमधून वीज निघते साधारण ६९० व्होल्टला, ट्रान्सफॉर्मर ती ३३ केव्ही, म्हणजे ३३ हजार व्होल्ट, करतो आणि मग लाइन डोंगरावरून सबस्टेशनकडे जाते.

आणि भावजींचं. ते अगदीच चूक नाहीत हां. जुन्या काही मशीनना सुरुवातीला जनरेटरच मोटरसारखा चालवून गती द्यायची सोय असायची. आताच्या मशीनला त्याची गरज नाही, पात्यांचा कोन वळवला की वारा स्वतःच फिरवतो, सेकंदाला तीन-चार मीटर वारा असला की पुरे. पण मशीनला बाहेरची वीज लागतेच लागते, पाती वळवायच्या मोटरला, कंट्रोलरला, तेलाच्या पंपाला, आणि मघाशी सांगितलेलं चुंबकीय क्षेत्र उभं करायलासुद्धा. वारा पडलेला असला की पवनचक्की वीज विकत घेत असते, तिचं मीटर दोन्हीकडे मोजतं. भावजींना हे सांगा, खूश होतील.

प्रश्न : मी आठवीला विज्ञान शिकवते. मुलं विचारतात, पाती तीनच का? सहा लावली तर दुप्पट वीज नाही का मिळणार? मधे केवढी मोकळी जागा आहे, सगळा वारा तर तिथूनच निसटून जातो. (एक शिक्षिका, कराड)

बाई, मुलांना सांगा की वारा निसटून जायलाच हवा, तो नाही निसटला तर वीजच नाही.

कसं ते बघा. समजा आपण पात्यांच्या जागी अख्खी पत्र्याची थाळीच लावली, एक झुळूक सोडायची नाही असं ठरवून. मग काय होईल? पुढची हवा थाळीला आपटून तिथेच थांबेल आणि मागून येणारी हवा म्हणेल इथे जागा नाही, ती बाजूने वळसा घालून निघून जाईल. एसटीत पहिला चढलेला माणूस दारातच उभा राहिला की मागच्यांचं काय होतं, तेच. "आत सरका, आत सरका" का ओरडतात? तर आतले सरकले तरच नवीन आत येतील. हवेचंही तसंच आहे, तिच्यातली थोडी ताकद काढून घ्यायची आणि तिला पुढे जायला पुरेल एवढी तिच्याकडे ठेवायची. अल्बर्ट बेट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० मध्ये याचं गणित छापलं. वाऱ्याचा वेग एक तृतीयांशावर आणून सोडला तर सगळ्यात जास्त मिळतं, आणि ते सगळ्यात जास्त म्हणजे वाऱ्यातल्या ताकदीच्या ५९.३ टक्के. त्याच्या वर कोणी जाऊ शकत नाही, मशीन जर्मनीचं असो नाहीतर जेजुरीचं. गिअरबॉक्स, जनरेटर, घर्षण सगळं वजा जाता प्रत्यक्षात हाती ४०-४५ टक्के लागले की आम्ही खूश असायचो.

आता तीनच का. पाती एवढ्या वेगाने पळतात की पुढच्या पात्याने ढवळलेली हवा जरा पुढे सरकते न सरकते तोच मागचं पातं तिथे हजर होतं, म्हणजे ती मोकळी दिसणारी जागा खरं तर मोकळी नसते, पाती तिला पुसून घेत असतात. सहा लावली तर एक पातं दुसऱ्याच्या गढूळ हवेत शिरेल, मग चक्र हळू फिरवावं लागेल, आणि हळू फिरलं की गिअरबॉक्स अजून मोठा, खर्च दुप्पट आणि वीज जवळपास तेवढीच. तुम्ही जुन्या परदेशी फोटोंमध्ये विहिरीवरची वीस-वीस पात्यांची चक्की बघितली असेल, तिला पाणी उपसायला वेग नको होता, सुरुवातीचा जोर हवा होता, म्हणून तिथे पाती गच्च. डेन्मार्कच्या पॉल ला कूर या शिक्षकाने (हो, तेही तुमच्यासारखे शिक्षकच, लोकशाळेत शिकवायचे) १८९० च्या दशकात प्रयोग करून दाखवलं की विजेसाठी पाती कमी आणि वेग जास्त हवा.

मग दोन का नकोत? दोन पण चालतात, आणि तशी मशीनं झालीत. पण दोन पात्यांचं चक्र वाऱ्याकडे तोंड वळवताना धक्के देतं, कारण पाती उभी असताना वळवायला सोपी आणि आडवी असताना जड, तो फरक दर फेरीला दोनदा मशीनला सोसावा लागतो. तीन असली की वजन सगळीकडे सारखं वाटलेलं राहतं. वर्गात करून बघा, एक लांब पट्टी मधोमध धरून फिरवत फिरवत स्वतः वळा, मनगटाला कळतं.

प्रश्न : वारा असा भन्नाट की माणूस उडेल, आणि चार चक्क्या ठार बंद! दुसरीकडे झुळूक असताना फिरतायत. हे मुद्दाम बंद ठेवतात का? अनुदान खायचं काम वाटतं. (एक वाचक, वाई)

तुमच्या संशयाला एकेकाळी आधार होता, तो शेवटी सांगतो. आधी वाऱ्याचा हिशोब, कारण तो कळल्याशिवाय पवनचक्की कळत नाही.

वाऱ्याची ताकद वेगाच्या घनाने वाढते. वेग दुप्पट तर ताकद आठपट. हे ऐकायला सोपं आहे पण अंगावर येतं कधी, तर आकडे घातल्यावर. आपल्या ८८ मीटरवाल्या मशीनच्या वर्तुळातून, वारा ८ मीटर असताना, दर सेकंदाला जवळपास ५३ टन हवा जाते, डोंगरावरची हवा जरा विरळ धरूनसुद्धा. पाच भरलेले ट्रक, सेकंदाला! यातून वीज मिळते साधारण ६८५ किलोवॅट. वारा अर्धा झाला, ४ मीटर, तर वीज निम्मी होत नाही, ८५ किलोवॅटवर येते. आणि वारा १२ झाला तर हिशोबाने २३०० किलोवॅट होतात, पण मशीनच आहे २१०० चं. मग उरलेलं काय करायचं? सोडून द्यायचं. पाती स्वतःभोवती थोडी वळतात, याला पिच म्हणतात, आणि वारा जास्त झाला की ती अंग चोरून घेतात, म्हणजे घ्यायचं तेवढंच घ्यायचं. वारा १३ असो की २०, वीज तेवढीच, २१००.

आणि वारा २५ मीटरच्या वर गेला, म्हणजे ताशी ९० किलोमीटर, की मशीन हात जोडतं. पाती पूर्ण कडेवर वळतात, वाऱ्याला फक्त धार दिसते, चक्र थांबतं. तुम्ही बघितलेल्या चारांपैकी काही अशा थांबल्या असतील. प्रत्येक मशीनवर वारा मोजायची वाटीवाली भिंगरी वेगळी असते आणि पठारावर दोन टेकड्यांत वाऱ्याचा फरक खूप पडतो, म्हणून शेजारची चालू आणि ही बंद असं होतं.

दुसरं कारण ग्रिड, म्हणजे सगळीकडची वीज एकत्र जोडणारं तारांचं जाळं. सबस्टेशनकडून फोन येतो की लोड नाही, बंद करा. किंवा लाइनच ट्रिप होते. लाइन गेली की मशीनला तात्काळ थांबावंच लागतं, कारण वीज घेणारं कोणी नसलं की चक्राला अडवणारं कोणी उरत नाही आणि ते सुसाट सुटेल. यासाठी पाती वळवायला हबमध्ये वेगळ्या बॅटऱ्या असतात, अख्ख्या महाराष्ट्रातली वीज गेली तरी पाती वळलीच पाहिजेत. आमच्या वेळी या बॅटऱ्या तपासायचं काम सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं. ७८ मीटरची शिडी चढायची, नॅसेलमधून पुढे हबमध्ये सरपटत शिरायचं, आणि तिथे घामाघूम होऊन व्होल्टेज लिहून घ्यायचं. पावसाळ्यात फॉल्ट आला की जीवावर यायचं, वारा चांगला म्हणजे वर जायला बंदी, आणि वर गेल्याशिवाय मशीन सुरू होणार नाही, म्हणजे ऐन कमाईच्या दिवसात ते तसंच उभं. आपल्याकडे वर्षाची बहुतेक वीज जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत होते, त्यामुळे जुलैत बंद पडलेली चक्की म्हणजे दिवाळीत बंद असलेलं मिठाईचं दुकान. तुम्ही बघितलेल्यांत एखादी अशीही असणार.

आता अनुदानाचं. पूर्वी पवनचक्की घेतली की पहिल्याच वर्षी किमतीच्या ८० टक्के, त्याआधी तर १०० टक्के घसारा (मशीन झिजल्याचा खर्च) दाखवून टॅक्स वाचवता यायचा. त्यामुळे वाऱ्याशी काही देणंघेणं नसलेले लोकही मालक झाले, आणि मशीन उभं राहिलं की त्यांचं काम झालं, ते फिरतंय का नाही याची फिकीर कमी. माझ्या मते ही योजना फिरलेल्या युनिटवर पैसे देणारी पहिल्यापासून असती तर डोंगरावरचं बरंच भंगार टळलं असतं.

प्रश्न : आमच्या डोक्यावर पन्नास चक्क्या, रात्रभर घुमतात, आणि खाली आमच्याच वाडीत लाइट नाही. आमच्या डोंगरावरची वीज आम्हालाच का नाही? (एक वाचक, पाटण तालुका)

या प्रश्नाला मी साईटवर असतानाही तोंड दिलंय, चहाच्या टपरीवर. तांत्रिक उत्तर सोपं आहे. चक्कीची वीज ३३ केव्हीच्या लाइनने सबस्टेशनला जाते, तिथे १३२ किंवा २२० केव्ही होऊन मोठ्या ग्रिडमध्ये मिसळते, आणि एकदा मिसळली की कोयनेची कुठली, चंद्रपूरची कुठली आणि वाऱ्याची कुठली हे सांगता येत नाही, दूध डेअरीच्या टँकरमध्ये ओतल्यावर कुठल्या म्हशीचं ते कळतं का? तुमच्या वाडीला येणारी लाइन वेगळी, ११ केव्हीच्या फीडरवरून खाली उतरलेली. ती तुटली, डीपी जळाला, भारनियमन लागलं, तर वर चक्की जोरात असली तरी तिचा तुम्हाला उपयोग नाही. आणि थेट जोडून दिली तरी चालणार नाही, कारण वारा क्षणाक्षणाला बदलतो, ग्रिडचा आधार नसेल तर तुमचे बल्ब एकदा भगभगतील आणि एकदा विझतील.

पण हे झालं तांत्रिक उत्तर, आणि टपरीवर ते कोणाला पटलं नव्हतं, मलाही अर्धंच पटतं. चक्की बऱ्याचदा लांबच्या कुठल्या तरी कारखान्याच्या मालकीची असते, तो तिची वीज ग्रिडमार्गे आपल्या कारखान्याला वळती करतो किंवा वीज कंपनीला विकतो. जमीन गेली वाडीची, रस्ता उखडला वाडीचा, घुमणं वाडीच्या कानाशी. २.१ मेगावॅटचं मशीन वर्षभरात क्षमतेच्या २० टक्के जरी चाललं तरी ३६ लाखांच्या वर युनिट होतात, महिन्याला १०० युनिट धरले तर तीन हजार घरांची वीज. त्याच्या पायथ्याच्या एका वाडीचा फीडर नीट ठेवायला तेवढ्यातलं कितीसं लागेल? यात विज्ञानाची कसलीच अडचण नाही, ती मीटिंगमध्ये सोडवायची गोष्ट आहे, ग्रामसभेत ठराव घालून मागा.

प्रश्न : आमच्याकडे सगळे म्हणतात पवनचक्क्यांनी ढग पळवले म्हणून पाऊस कमी झाला. तुम्ही साईटवर होता, खरं सांगा. (एक शेतकरी वाचक, कवठेमहांकाळ)

खरं सांगतो, नाही पळवत. पण तुमच्याकडचे लोक जे बघतायत ते मात्र खरं आहे, फक्त उलटं लावलंय.

चक्कीचं टोक सगळ्यात वर जातं सव्वाशे मीटरपर्यंत. पावसाचे ढग बहुतेक त्याच्या वर सुरू होतात आणि कित्येक किलोमीटर उंच असतात, आणि ज्या वाऱ्यावर स्वार होऊन येतात तो अरबी समुद्रापासून अख्ख्या सह्याद्रीवर पसरलेला असतो. पवनचक्की काही घरातल्या पंख्यासारखा वारा सोडत नाही, ती वारा अडवते, तिच्या मागे वारा मंद होतो, तोही काही अंतरापर्यंतच. रात्री जमिनीजवळची हवा थोडी ढवळली जाते, तापमानात बारीक फरक पडतो, हे मोजलेलं आहे. यापलीकडे नाही.

मग पाऊस का नाही? कारण सह्याद्री. महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तिथून पूर्वेला माणदेशात उतरलं की जेमतेम पाचशे. ढग घाटावर रिकामे होतात आणि पुढे येतो तो कोरडा, मोकळा वारा. हा कोरडा वारा जिथे जोरात वाहतो, झाडं कमी, पठार मोकळं, जमीन स्वस्त, तिथेच कंपन्यांनी चक्क्या लावल्या. म्हणजे दुष्काळ होता तिथे चक्क्या आल्या. आणि त्यात योगायोग असा की चक्क्या मोठ्या संख्येने उभ्या राहिल्या २००० च्या आसपास आणि लगेच २००२-०३ ची वाईट वर्षं आली, मग संशय येणारच, मीही तिथला असतो तर घेतला असता. फक्त घरातल्या म्हाताऱ्या माणसांना १९७२ विचारा. तेव्हा त्या डोंगरावर एक तरी पातं होतं का?

प्रश्न : डोंबिवलीत आमच्या सातव्या मजल्याच्या गच्चीवर छान वारा येतो. छोटी पवनचक्की लावली तर बिल कमी होईल का? (एक वाचक)

नाही. गच्चीवर अंगाला छान लागणारा वारा सेकंदाला साधारण ३ मीटर असतो. दोन मीटर व्यासाची चक्की लावलीत तर तीन मीटरच्या वाऱ्यात हाती लागतील १२ वॅट, एक एलईडी बल्ब. वर गच्चीच्या कठड्याला आपटून वारा भोवरे घेत येतो ते वेगळंच. त्या पैशात सोलर लावा आणि संध्याकाळी त्या वाऱ्यात खुर्ची टाकून बसा.

प्रश्न : पवनचक्क्यांमुळे पक्षी मरतात का? (एक वाचक, पुणे)

काही मरतात, काही ती जागाच सोडून जातात. आणि याचं एक फार सुंदर उदाहरण नेमकं चाळकेवाडीचंच आहे. बंगळुरूच्या आयआयएससी (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स) या संस्थेच्या संशोधकांनी तिथे अभ्यास करून २०१८ मध्ये छापलं की चक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चारपट कमी आहेत. आणि त्यामुळे, बघा हं, खाली सरडे वाढले! गळ्याला निळा-नारिंगी पंखा असलेले ते सुंदर सरडे. घारी-ससाणे कमी म्हणून ते बिनधास्त झाले, ताण कमी झाला, पण गर्दी वाढल्याने खायला कमी पडून बारीकही झाले. म्हणजे पवनचक्की स्वतः काही न खाता वरच्या शिकाऱ्याच्या जागी बसली. आम्ही चार वर्षं तिथे होतो, पायाशी सरडे पळायचे, आमच्या कोणाच्या डोक्यात हे आलं नाही. जाता जाता, या सरड्यांच्या गटाचं शास्त्रीय नाव 'सारडा' आहे, ते आपल्या 'सरडा' वरूनच घेतलंय.

प्रश्न : काका, वारा दिशा बदलतो तेव्हा पंखा कसा वळतो? आणि सारखा एकाच बाजूला वळत राहिला तर आतल्या वायरींना पीळ नाही का पडणार? (इयत्ता सातवी, धुळे)

अरे वा! बाळा, हा प्रश्न आमच्या ट्रेनिंगमध्ये एकाही इंजिनिअरने विचारला नव्हता, आणि मीही नाही.

वळतो तो असा. वरच्या डब्यावर वाऱ्याची दिशा बघणारं छोटं वात-कुक्कुट असतं, ते कंट्रोलरला सांगतं. टॉवरच्या माथ्यावर भलं मोठं दातेरी चक्र असतं आणि त्यावर चार-सहा मोटरी बसवलेल्या असतात, त्या मिळून अख्खा डबा, पात्यांसकट, हळूहळू वाऱ्याकडे फिरवतात. एवढं वजन गोल फिरवायचं म्हणून तो अगदी सावकाश फिरतो.

आणि पीळ पडतोच! वरून खाली जाड जाड केबल टॉवरच्या मधोमध लोंबत असतात, डबा एका बाजूला वळत राहिला की त्यांची वेणी व्हायला लागते. म्हणून तिथे एक मोजणारं यंत्र असतं, ते लक्ष ठेवतं की आता किती वेढे झाले. दोन-तीन वेढे झाले की मशीन स्वतःच वीज बनवायची थांबवतं, उलट्या बाजूला तेवढेच वेढे घेतं, पीळ सोडवतं आणि पुन्हा कामाला लागतं. शक्यतो हे काम ते वारा पडलेला असताना उरकून घेतं, म्हणजे कमाई बुडत नाही. एकदा अमावस्येच्या रात्री पायथ्याचा एक राखणदार धावत आमच्या खोलीवर आला होता, म्हणाला साहेब, पान हलत नाहीये आणि वरचं डोकं आपोआप मागे वळून माझ्याकडे बघतंय. आम्ही त्याला चहा पाजला आणि कॉम्प्युटरवर दाखवलं की ते वायरींचा पीळ काढतंय. त्याने मान डोलावली, चहा संपवला, आणि तरी त्या रात्री तो आमच्याच खोलीत झोपला.